ढग आलेत का रे तिकडं?

वीकएण्डला वारी ‘करून’ यायची, चार भन्नाट फोटो काढायचे आणि सोमवारी फ्रेश होऊन कामाला लागायचं. वाल्हे ते लोणंद असा एक दिवस चालायला निघाले तेव्हा माझा प्लॅन एवढाच होता. मग वाटेत एक मावशी भेटल्या. त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत एक छोटा मोबाइल होता आणि तो दिवसभर वाजत होता...

पहाटेचे चार. वाल्ह्याच्या एका माळावरच्या तंबूत मी डोळे चोळत बसले होते आणि बाहेर कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडत होतं, “उठा माऊली, चहा झाला!” एरवी मी या वेळेला डेडलाइन संपवून नुकतीच झोपलेली असते. आज चक्क या वेळेला कुणीतरी मला स्टीलच्या पेल्यातून गोडमिट्ट चहा देत होतं, तोही ‘माऊली’ म्हणून.

त्याचं झालं असं, की हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा माझा एक मित्र दर वर्षी वारीत पुणे ते सासवड हा टप्पा मारतो. ऑफिसचा ग्रुप, एकसारखे टी-शर्ट, दिवे घाटात फोटो, रात्री गाडी करून घरी. पुण्यातल्या यंग पब्लिकमध्ये हे पॅकेज सॉलिड हिट आहे. मला मात्र काहीतरी हटके हवं होतं. शहराची हद्द संपल्यावर, शेताशेतांतून जाणारी वारी कशी असते ते बघायचं होतं. मित्राचे काका आळंदी ते पंढरपूर पूर्ण वाट चालणारे जुने वारकरी. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “मग घाटात कशाला गर्दी करतेस? वाल्ह्याला ये. नीरा ओलांडून लोणंदला सोडतो तुला. रानच बघायचंय ना, पोटभर बघ.”

ही गोष्ट २०२३ ची. तारीख १८ जून, रविवार. ११ जूनला तळकोकणात पोचलेला मान्सून तिथंच अडून बसला होता. बिपरजॉय चक्रीवादळ दोन-तीन दिवसांपूर्वी कच्छच्या किनाऱ्यावर धडकलं होतं आणि इकडे सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाचा पत्ता नव्हता. मी मात्र वारी म्हणजे पाऊस असं गृहीत धरून नवाकोरा रेनकोट घेऊन आले होते. तो दिवसभर सॅकच्या तळाशी घडीसुद्धा न मोडता पडून राहिला.

गर्दी नाही, रांग

टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून दिसणारी वारी म्हणजे नुसता जनसागर. आत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो हा, की इथं सगळं जागच्या जागी आहे. माऊलींच्या रथापुढं सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागं. प्रत्येक दिंडीला नंबर. दिंडीच्या आतसुद्धा क्रम ठरलेला. सगळ्यात पुढं पताका घेतलेले झेंडेकरी, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंग, मागं विणेकरी आणि त्यांच्यामागं डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. मी उत्साहाच्या भरात फोटोसाठी रांगेच्या मधून पलीकडे घुसले, तर एका आजोबांनी न बोलता हाताला धरून मला मागं आणून सोडलं. रागावले नाहीत. ट्रॅफिक हवालदारानं लहान मुलाला फुटपाथवर ठेवावं, तसं ठेवलं.

या शिस्तीमागं इतिहास आहे. संतांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला न्यायची प्रथा १६८५ मध्ये तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी सुरू केली. पुढं एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वर माऊलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी. हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. लष्करातला माणूस म्हटल्यावर चाल, मुक्काम, कुणी कुठं चालायचं हे सगळं कागदावर नसलं तरी डोक्यात पक्कं. कर्नाटकातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आजही या सोहळ्यात चालायला येतात.

आणि मॅनेजमेंट! दिंडीत प्रत्येकानं आधी भिशी भरलेली असते, म्हणजे जेवणाखाणाचे पैसे. त्यात ट्रक, पाण्याचा टँकर, तंबू, आचारी सगळं येतं. आपण चालायला लागलो की मागं तंबू उतरतात, सामान ट्रकमध्ये जातं, ट्रक दुसऱ्या वाटेनं पुढच्या मुक्कामी पोचतो आणि संध्याकाळी आपण जाऊन पडायच्या आत तिथं पिठलं रटरटत असतं. हे रोज, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. आमच्याकडे दहा जणांची एक पिकनिक ठरवताना तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतात आणि शेवटी पिकनिक कॅन्सल होते!

“तुझं बी लेकरू हाय का?”

साडेसहाच्या सुमाराला पालखी हलली. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. वाल्हे सोडलं, की दोन्ही बाजूंना पुरंदर तालुक्यातलं कोरडवाहू रान लागतं. नांगरून, कुळवून ठेवलेली, बाजरीची वाट बघणारी शेतं. मातीची ढेकळं फुटून भुगा झालेली. एरवी या दिवसांत इथं हिरवे कोंब दिसायला हवेत, असं काका म्हणाले. मला मोकळी जमीन म्हणजे मोकळी जमीन वाटत होती. फ्रेम छान होती म्हणून मी फोटो काढला.

“कशाचा फोटो काढतीस माय?” माझ्या बाजूनं आवाज आला. “त्यात काय हाय?”

साठीच्या आसपासच्या मावशी. हिरवं नऊवारी, डोक्यावर तुळस, एक हात तिला आणि दुसरा गळ्यातल्या कापडी पिशवीला. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातून आलेल्या. नवरा वारला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून वारीला येतात, ही त्यांची बारावी खेप. मधली दोन वर्षं धरायची नाहीत म्हणे, कारण २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळं पादुका एसटीनं गेल्या आणि सगळे वारकरी घरी बसले.

मी माझी तयार प्रश्नावली बाहेर काढली. मास कम्युनिकेशनच्या वर्गात शिकवतात तशी. तुम्हाला चालताना काय वाटतं? घरदार, संसार सगळं मागं सोडून आल्यावर मन कसं शांत होत असेल ना?

मावशींनी उत्तर द्यायच्या आत पिशवीतला फोन वाजला. छोटा, बटणांचा, रबर बँड लावलेला. त्यांनी चालता चालता, तुळस जराही न हलवता तो कानाला लावला.

“हां, बोल. ढग आलेत का रे तिकडं?... वारं कुठलं हाय?... बरं. बी झाकून ठिवलंय का? उंदीर बघ. हां. ठिव.”

फोन पिशवीत गेला. मावशी माझ्याकडे वळल्या, “काय म्हणत हुतीस, माय? सोडून आलं? कुठं सोडलंय? हे बघ की, गळ्यातच हाय.”

माझ्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न असा बाद झाला.

तीन एकर रान, सगळं कोरडवाहू. सोयाबीन आणि मधल्या ओळींत तूर, एवढंच पीक. घरचंच बी राखून ठेवलेलं. मुलगा आणि सून घरी. रान तयार, बी तयार, फक्त पाऊस नाही. पावसाच्या आधी पेरलं तर बी मातीत जातं, उशीर झाला तर पीक हातात येत नाही. शेतीखातं सांगतं, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मावशींचं मोजमाप सोपं आहे. माती उकरून वीतभर ओल लागली पाहिजे. त्याच्या आत पेरणी म्हणजे जुगार. २०१४ साली त्यांनी तो खेळला होता. घाईनं पेरलं, बी करपलं, मग उसनवारी करून दुबार पेरणी केली. “ते पैसं फेडायला तीन वर्सं लागली,” त्या म्हणाल्या आणि तुळस एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मला विचारल्याशिवाय राहवलं नाही, “मग अशा वेळी घरी थांबायचं ना मावशी?”

“थांबून काय करू? मी वर बघत बसले म्हणून ढग येतोय व्हय?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका ब्रोशरचं काम अंगावर होतं आणि क्लायंटला रविवारी सकाळी आठ वाजता हेडलाइनचा रंग आवडेनासा झाला होता. मी दहा मिनिटं ‘हो सर, नक्की सर’ करत चालले. फोन ठेवल्यावर मावशींनी आपुलकीनं विचारलं, “तुझं बी लेकरू हाय का?”

“नाही हो मावशी. क्लायंट.”

“त्यो कोण?”

“ज्याच्याकडून पैसे यायचे असतात, तो.”

“म्हंजी तुझा बी ढगच की गं!” आणि त्या आणि त्यांच्या मागच्या दोघीतिघी अशा खळखळून हसल्या, की पुढच्या टाळकऱ्यानं वळून बघितलं.

पोहे, फोड आणि फुकट मालिश

पिंपरे खुर्दला न्याहारीची विश्रांती. रस्त्याच्या कडेला पातेली मांडलेली. गावातली माणसं हाताला धरून बोलावत होती. पोहे, केळी, राजगिऱ्याचे लाडू, ताक. नको म्हटलं तर वाईट वाटायचं त्यांना. एका घरातल्या लहान मुलीनं माझ्या पाया पडायला हात पुढं केले आणि माझी पळता भुई थोडी झाली. मी सात किलोमीटर चाललेली, तेही ब्रँडेड शूज घालून! पण नियम असा, की इथं प्रत्येक जण माऊली आहे. कुणी पाया पडलं की आपणही वाकायचं, विषय संपला. ते एकदा जमलं की सोपं जातं.

शूजचा विषय निघालाच आहे तर कबुली देते. महागातले रनिंग शूज घेऊन आले होते, खास वारीसाठी घेतलेले. नवे शूज कधीही लांब चालायला घालायचे नसतात हे मला गुगलनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दहाव्या किलोमीटरला उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड. मावशींच्या पायात टायरच्या तळव्याच्या चपला, वरचे पट्टे दोन वेळा शिवलेले. रस्त्याकडेला एक चर्मकार दादा वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत बसले होते. त्यांच्या शेजारी काही पोरं तेलाच्या बाटल्या घेऊन म्हाताऱ्या वारकऱ्यांचे पाय चोळत होती, आणि त्यांच्या शेजारी न्हावी दाढ्या करत होते. कुणी बिल देत नव्हतं, कुणी नाव लिहून घेत नव्हतं. मी तिथं टाचेला पट्टी लावून घेतली आणि पैसे काढले, तर त्या पोरानं माझ्याकडे असं बघितलं की मी पाकीट परत आत टाकलं.

सगळंच गुडी गुडी आहे असं मात्र समजू नका. ऊन चढल्यावर सावली मिळणं अवघड होतं. हा रस्ता तेव्हा पालखी महामार्ग म्हणून रुंद होत होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. चौपदरी रस्ता आणि कडेनं पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, असा आराखडा. मी चालले तेव्हा काम अर्धवट होतं. ठिकठिकाणी खडी, मुरूम आणि सिमेंटची धूळ. मावशी एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, “हितं झाड हुतं मोठं. आम्ही हितंच टेकायचो.” आता तिथं रस्त्याचा भराव होता. त्या क्षणभर टेकल्या, तसंच उन्हात, आणि परत उठल्या. सवय म्हणून.

आणि बायकांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न टॉयलेटचा. मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालयं असतात, पण वाटेत शोधावं लागतं. दिंडीतल्या बायका पहाटे साडेतीनला का उठतात, त्याचं अर्धं कारण देवाचं आणि अर्धं हे, असं एकीनं मला हसत हसत सांगितलं. हसत सांगितलं म्हणून ते कमी गंभीर होत नाही.

नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे

नीरा गाव जवळ येऊ लागलं तसा रंग बदलला. आधी एखाददुसरा हिरवा पट्टा, मग एकदम दोन्ही बाजूंना ऊस. डोक्याएवढा उंच, गर्द, वाऱ्यावर सळसळणारा. सकाळपासून राखाडी आणि तपकिरी बघून थकलेले डोळे निवले. एवढ्या थोड्या चालीत जादू झाल्यासारखं वाटत होतं. जादूचं नाव कालवा.

नीरेवर वीरचं धरण आहे, वरच्या अंगाला वेळवंडी नदीवर भाटघर. डावा कालवा जातो बारामती, इंदापूरकडे. उजवा जातो फलटण, माळशिरस, पंढरपूरकडे. म्हणजे गंमत बघा, वारी आणि कालवा एकाच दिशेनं निघालेत. फरक एवढाच, की कालव्याचं पाणी ठरलेल्या शेतांतच उतरतं. नदीच्या पलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे, १९३२ पासूनचं. को ८६०३२ नावाचा उसाचा वाण राज्यभर लावला जातो. याच केंद्रातून तो शेतकऱ्यांपर्यंत पोचला आणि त्याचं नावच ‘नीरा’ आहे.

मावशी उसाच्या बांधाला थांबल्या. एक पान हातात घेऊन त्याची रुंदी बघितली. मग वाकून सरीतली माती चिमटीत घेतली, दाबली आणि माझ्या तळहातावर ठेवली. गार आणि चिकट. “ही ओल,” त्या म्हणाल्या. “आता सकाळची ती माती आठव.” तेव्हा कुठं मला मी सकाळी कशाचा फोटो काढला होता ते कळलं.

मला वाटलं आता त्या काहीतरी कडू बोलतील. यांच्याकडे पाणी आहे, आमच्याकडे नाही, असं. त्या म्हणाल्या, “चांगला आलाय.” एवढंच. शेतकऱ्यानं दुसऱ्याच्या पिकाला द्यावी तशी, मोजून दिलेली दाद. मग थोडं चालल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “ह्यातलं चार दिवसाचं पाणी दिलं असतं मला, तर पेरून मोकळी झाले असते.” उसाच्या तोडणीला हिवाळ्यात बीडहूनच जोडपी येतात, त्यांच्या गावची अर्धी घरं तेव्हा बंद असतात, हेही त्यांनी सांगितलं. त्या स्वतः तरुणपणी सात वर्षं कोयता घेऊन गेल्या होत्या. म्हणजे ज्या उसाकडे मी हिरवंगार दृश्य म्हणून बघत होते, तो त्यांनी वाकून तोडलेला होता.

दुपारचं जेवण नीरेला. भाकरी, पिठलं, ठेचा, भात आणि डाळ. जमिनीवर पंगत, पत्रावळीसमोर आडवी मांडी घालून. जेवण झाल्यावर जो जिथं होता तिथं आडवा. मीही झाले. डोक्याखाली सॅक, तोंडावर ओढणी. ऑफिसच्या पॉवर नॅपचा फंडा सांगणाऱ्यांनी इथं यावं. वीस मिनिटांत लाखभर माणसं गाढ झोपतात आणि भोंगा वाजला की उठून रांगेत उभी असतात.

जेवणानंतर नीरा स्नान. नदीच्या पुलाजवळ दत्त घाट आहे. तिथं माऊलींच्या पादुका नेऊन त्यांना नीरेच्या पाण्यानं स्नान घालतात. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो. टाळांचा वेग वाढलेला, पताका उंच, पोरं कडेच्या भिंतींवर चढलेली. हैबतबाबांच्या जिल्ह्यात पालखी शिरते म्हणून इथं वेगळाच जोश. मी गर्दीत मावशींना शोधलं. त्या काठावर बसल्या होत्या. पाय पाण्यात, एक हात तुळशीवर, डोळे मिटलेले. पिशवीतला फोन वाजत होता. पहिल्यांदाच त्यांनी तो उचलला नाही.

दोन-तीन मिनिटंच. मग पाय पुसले, तुळस डोक्यावर घेतली आणि स्वतःच परत फोन लावला. “हां रे, पाण्यात हुते. बोल. ढग?”

लोणंदची संध्याकाळ

पाडेगाव मागं टाकून संध्याकाळी लोणंद. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध गाव. पालखी तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एका लयीत आणि मग रोजची समाजआरती. मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच.

चोपदार हातातला दंड उंच करतात आणि सगळं गप्प. हजारो माणसं आणि एकही टाळ नाही. मोबाइलच्या रिंगटोनचीसुद्धा हिंमत होत नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. मग तिथं जाऊन ऐकून घ्यायचं, निवाडा करायचा, आणि ती दिंडी शांत झाली की पुढं. विचार करा, आपल्या मीटिंगमध्ये अशी सोय असती तर! त्यानंतर हरवलं-सापडलंची यादी. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचे पैसे. सापडलेल्या वस्तू एकेक करून जाहीर होतात आणि मालक येऊन घेऊन जातात. उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आरती होते, दिवस संपतो.

माझी लोणंदवरून पुण्याची गाडी होती. निघताना मी मावशींना नंबर दिला, त्यांचा घेतला. दिवसभर मनात घोळणारा प्रश्न शेवटी विचारलाच, “मावशी, देवाला पाऊस मागितलात का?”

“बारा वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “दर वर्सी मागते. कव्हा देतो, कव्हा न्हाई देत.” मग माझ्या टाचेकडे बघून, “त्याला हळद लाव. आणि ते बूट ठिव बाजूला.”

नंतर

रविवार, २५ जूनला मान्सून मुंबईत पोचला, पुण्यातही पाऊस आला. मी खिडकीत उभी राहून फोन लावला. पालखी त्या दिवशी वेळापूरच्या मुक्कामी होती. मागं मृदंग ऐकू येत होता. “हितं पडला गं. तिकडं न्हाई. नुसती भुरभुर,” मावशी म्हणाल्या. पेरणी शेवटी जुलैत झाली. उगवलं चांगलं. मग आला ऑगस्ट. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून हवामान खात्यानं ज्याची नोंद केली, तो हा २०२३ चा ऑगस्ट. शेंगा भरायच्या वेळेलाच पाणी नाही. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात धारूर होता. दिवाळीला मी फोन केला तेव्हा मावशींनी आधी माझ्या क्लायंटची चौकशी केली, मग सोयाबीनचा आकडा सांगितला. तीन एकरांत मिळून सहा पोती. मला काय बोलावं कळेना. त्याच म्हणाल्या, “तूर हाय अजून उभी.”

तोपर्यंत मी कुणालाही सांगताना असंच सांगत होते, की वारकरी सगळं विसरून चालतात. आपणही अधूनमधून सगळं स्विच ऑफ करावं वगैरे. मावशींनी काहीही स्विच ऑफ केलं नव्हतं. तीन एकर रान, मुलगा, उंदरांपासून झाकलेलं बी, सगळं बरोबर घेऊनच त्या अडीचशे किलोमीटर चालत होत्या. चालल्यानं पाऊस येत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण घरी एकटीनं वर बघत बसण्यापेक्षा, ज्यांचं ज्यांचं रान थांबलंय अशा सगळ्यांच्या बरोबरीनं चालावं, एवढं साधं ते गणित असावं. नदीकाठची ती दोन-तीन मिनिटं मिळाली, तर ती वरकमाई.

२०२४ च्या जुलैत मीच वाल्ह्याला पोचले. या वेळी जुने, मळके शूज घालून आणि फोन सायलेंटवर टाकून. मावशी लांबूनच दिसल्या. तीच तुळस, तीच पिशवी. या खेपेला पाऊस वेळेवर झाला होता, पेरणी उरकून त्या निघाल्या होत्या. मी जवळ जाईपर्यंत त्यांचा फोन वाजला होता. मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य म्हणायला लागले आणि चुकले.

“काय? आजबी पडतोय?” मावशी फोनमध्ये ओरडत होत्या. “आरं, थांबायला सांग की त्याला चार दिवस! खुरपणी कव्हा करायची?”

---

एक दिवस चालायचंय?

टप्पा निवडताना: जेजुरी-वाल्हे हा अंतरानं सोपा टप्पा. वाल्हे-लोणंद साधारण वीस किलोमीटर, पण एका दिवसात कोरडवाहू, बागायत आणि नदी तिन्ही दिसतात. लोणंद-तरडगाव आणखी छोटा आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथं उभं रिंगण. तारखा दर वर्षी तिथीप्रमाणे बदलतात, वेळापत्रक बघूनच सुट्टी टाका.

जायचं कसं: जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी गावं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत. पालखीच्या काळात रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, त्यामुळं स्वतःची गाडी नकोच.

पाठीवर काय: पाण्याची बाटली, टोपी किंवा उपरणं, ओआरएस, टाचेसाठी पट्ट्या, एक कोरडा कपडा. शूज किंवा चपला जुन्याच.

रांगेचे नियम: दिंडीच्या मधून आडवं जाऊ नका. पताकांच्या पुढं पुढं करू नका. कुणाचा क्लोजअप काढायचा तर आधी विचारा. कुणी पाया पडलं तर तुम्हीही पडा.

दिंडीत जेवणार असाल तर: आधी ओळखीनं विचारून, भिशी भरून जा. तिथला स्वयंपाक मोजून असतो आणि मागं कुणीतरी रात्रभर भाकऱ्या थापलेल्या असतात.

आणि हो: शेताचा फोटो काढण्याआधी त्या रानात पेरणी झालीय का, एवढं शेजारच्या माऊलीला विचारा. बोलणं आपोआप सुरू होईल.